पेशीच्या पोथीवर हरताळ

आर्सेनिकचे पाणी शरीरातील दुरुस्ती कशी थांबवते?

केलेल्या सगळ्या कामावर पाणी पडले की आपण म्हणतो, 'मेहनतीवर हरताळ फासला.' बाजार बंद ठेवतात तो हरताळ निराळा, त्या शब्दाचा उगमही निराळा. हा हरताळ म्हणजे पिवळ्या रंगाचे एक खनिज. हाताने पोथ्या लिहिण्याच्या काळात लेखनिकाचे एखादे अक्षर चुकले, की त्यावर हरताळाचा लेप देत. चुकीचे अक्षर झाकले जाई आणि लेप वाळला की त्यावर बरोबर अक्षर लिहिता येई.

रसायनशास्त्राच्या भाषेत हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. मनशीळ हे त्याचे तांबडे भावंड. विषप्रयोगासाठी बदनाम झालेला सोमल म्हणजे आर्सेनिकचे ऑक्साइड. तिघांच्या पोटातले मूलद्रव्य एकच, आर्सेनिक. पोथीतली चूक सुधारण्यासाठी वापरले जाणारे हे द्रव्य माणसाच्या पेशीत शिरले, की नेमके उलटे काम करते. तेथे ते चुका सुधारणाऱ्यांचेच हात बांधून टाकते. हे कसे घडते आणि त्यातून कर्करोगापर्यंतची वाट कशी तयार होते, ते आज समजून घेऊ.

चव नाही, वास नाही, रंग नाही

सोमलाच्या विषबाधेत माणूस काही तासांत उलट्या-जुलाबांनी बेजार होतो. पाण्यातल्या आर्सेनिकचे तसे नाही. ते इतके थोडे असते की पिणाऱ्याला काहीच जाणवत नाही. पाणी नितळ दिसते, चवीला चांगले लागते, डाळही शिजते. वर्षामागून वर्षे जातात आणि मग कधीतरी छातीवर, पाठीवर पावसाचे थेंब पडावेत तसे गडद आणि फिकट ठिपके दिसू लागतात. तळहात व तळपाय खरखरीत होतात, त्यांवर मोडासारखे टणक उंचवटे येतात. पुढे काही जणांना त्वचेचा, मूत्राशयाचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग होतो. पाण्यातील आर्सेनिक माणसात कर्करोग निर्माण करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निःसंदिग्धपणे मान्य केले आहे.

संघटनेने १९९३ मध्ये सुचवलेली मर्यादा एक लिटर पाण्यात १० मायक्रोग्रॅम अशी आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत फक्त १० मिलिग्रॅम. चिमटीत जेवढे मीठ मावते, त्याचा अगदी लहानसा हिस्सा! भारतीय मानकातील स्वीकारार्ह मर्यादाही तेवढीच आहे. बंगालमधील अनेक हातपंपांच्या पाण्यात याच्या वीसपट, तीसपट आर्सेनिक आढळले.

जीव वाचवणारा हातपंप

ही गोष्ट मुख्यतः गंगेच्या आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली आहे. १९७० नंतरच्या काळात बंगालच्या खेड्यापाड्यांतून नळकूप खणण्याचा मोठा कार्यक्रम झाला. तोवर लोक तळ्यांचे, डबक्यांचे पाणी पीत. पटकी आणि हगवणीने लहान मुले दगावत. जमिनीखालच्या पाण्यात जंतू नसतात, म्हणून हातपंप बसवले गेले. हेतू चांगला होता आणि पुष्कळ जीव वाचलेही. पण त्या पाण्यात आर्सेनिक आहे का, हे तेव्हा कोणी तपासले नाही.

१९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी काही खेडुतांच्या अंगावरचे डाग पाहून हा आर्सेनिकचा विकार असल्याचे ओळखले. पुढे जादवपूर विद्यापीठाचे डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी १९८८ पासून गावोगाव फिरून हजारो हातपंपांचे पाणी तपासले. १९९३ मध्ये बांगलादेशातही आर्सेनिक सापडले. अॅलन स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली तेथील साडेतीन कोटी ते पावणेआठ कोटी लोकांना या पाण्याचा धोका असल्याचे लिहिले आणि इतिहासातील ही सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असल्याचे म्हटले. २००२ मध्ये बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातील सेमरिया ओझापट्टी या गावी आणि त्यानंतर उत्तर प्रदेशात बलियाकडेही असेच पाणी आढळले.

हे आर्सेनिक कोणा कारखान्याने सोडलेले नाही. हिमालयातून वाहत आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाचा गंज असतो आणि त्याला आर्सेनिक चिकटलेले असते. जमिनीखाली जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथील जिवाणू हा गंज विरघळवतात. मग त्याला धरून बसलेले आर्सेनिक सुटून पाण्यात येते. उघड्या विहिरीत हवा खेळती असते, म्हणून तेथे ते सहसा कमी आढळते.

पेशीतील पोथी आणि तिचे लेखनिक

आता शरीराच्या आत जाऊ. आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएचा एक अतिशय बारीक धागा गुंडाळून ठेवलेला असतो. उलगडला तर तो सुमारे दोन मीटर लांब भरेल. त्यावर चारच अक्षरांत शरीराची सगळी पोथी लिहिलेली आहे. आईकडून आलेली एक प्रत, वडिलांकडून आलेली एक, आणि प्रत्येक प्रतीत सुमारे तीन अब्ज अक्षरे.

ही पोथी रोज खराब होत असते. अन्नाचे ज्वलन होताना तयार होणारे तीव्र ऑक्सिजन-रेणू, उन्हातील अतिनील किरण, तंबाखूचा धूर आणि शरीराची स्वतःची ऊब, यांमुळे एकेका पेशीतील डीएनएला दिवसाकाठी हजारो इजा होतात. एखादे अक्षर गळते, एखादे जळते, कधी दोन शेजारची अक्षरे एकमेकांना चिकटतात, कधी धागाच तुटतो. तरी आपण धडधाकट राहतो. कारण पेशीत दुरुस्ती करणारी प्रथिने रात्रंदिवस फिरत असतात.

त्यांच्यातही कामाची वाटणी आहे. एक टोळी एकेकटे बिघडलेले अक्षर काढून नवे बसवते. दुसरी टोळी मोठी इजा झालेला अख्खा तुकडाच कापून काढते आणि समोरच्या धाग्यावरून बघून नव्याने लिहिते. उन्हाने झालेली इजा या दुसऱ्या पद्धतीने दुरुस्त होते. या कामाचा उलगडा केल्याबद्दल टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार या शास्त्रज्ञांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुरुस्त न झालेली चूक पेशी दुभंगताना पुढच्या पेशीत कायमची उतरते. चूक वाढीवर ताबा ठेवणाऱ्या जनुकात असेल आणि अशा चुका साचत गेल्या, तर पेशी बेलगाम वाढू लागते. कर्करोगाची सुरुवात ती हीच.

निर्दोष सुटणारा आरोपी

आर्सेनिकने शास्त्रज्ञांना बराच काळ चकवले. एखादा पदार्थ डीएनएची अक्षरे बदलतो का, हे पाहण्यासाठी जिवाणूंवर एक नेहमीची चाचणी करतात. तंबाखूच्या धुरातील कितीतरी द्रव्ये या चाचणीत दोषी ठरतात. आर्सेनिक मात्र निर्दोष सुटत असे. प्रयोगशाळेतील प्राण्यांमध्येही त्याने कर्करोग होतो हे दाखवणे अनेक वर्षे जमले नाही. माणसे तर आजारी पडत होती. मग गफलत कोठे होती?

१९८१ मध्ये टोबी रॉसमन या अमेरिकन संशोधिकेने जिवाणूंवर अतिनील किरण सोडले आणि सोबत थोडेसे आर्सेनिक दिले. एकट्या किरणांनी जितक्या चुका होत, त्याहून अधिक चुका दोघांच्या जोडीने झाल्या. म्हणजे आर्सेनिकचा मुख्य अपराध हल्ला करण्याचा नव्हता, हल्ल्यानंतरची डागडुजी अडवण्याचा होता. घर पेटवणारा दुसराच कोणी असेल, पण अग्निशमन दलाच्या वाटेत आडवी गाडी लावणारा हा.

अर्थात आर्सेनिक स्वतः अगदीच हात बांधून बसत नाही. ते पेशीत तीव्र ऑक्सिजन-रेणूंचे प्रमाण वाढवते. त्यामुळे अक्षरे जळतात आणि धागेही तुटतात. म्हणजे एका हाताने इजा वाढवायची आणि दुसऱ्या हाताने दुरुस्ती रोखायची, असा हा दुहेरी मार आहे.

जस्ताच्या जागी आर्सेनिक

दुरुस्ती अडते कशी, तेही आता बऱ्यापैकी कळले आहे. दुरुस्ती करणाऱ्या काही प्रथिनांना जस्ताची गरज लागते. प्रथिनाची साखळी जस्ताच्या एका अणूभोवती वळून बोटासारखा आकार घेते. शास्त्रज्ञ त्याला जस्ताचे बोट असेच म्हणतात. या बोटाने प्रथिन डीएनए चाचपते, तुटलेली जागा ओळखते आणि तेथे पकड घेते. जस्ताचा अणू जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः गंधक असलेले घटक करतात.

आर्सेनिक आणि गंधक यांचे सख्य फार जुने. हरताळ व मनशीळ ही त्या सख्याचीच फळे आहेत. पेशीत शिरलेले आर्सेनिक तेथेही गंधक शोधते, जस्ताला बाहेर काढते आणि त्याची जागा बळकावते. बोटाचा आकार बिघडतो, स्पर्श जातो. पार्प-१ हे प्रथिन तुटलेला धागा ओळखून इतरांना हाक मारते. एक्सपीए हे प्रथिन मोठी इजा कापून काढणाऱ्या टोळीत काम करते. या दोघांनाही आर्सेनिक असेच निकामी करते. न्यू मेक्सिको विद्यापीठातील लॉरी हडसन आणि के जियान लिऊ यांच्या गटाने हे मानवी पेशींवर तपशीलवार दाखवले. त्यांच्या प्रयोगांत पेशींना जास्तीचे जस्त दिल्यावर पार्प-१ चे काम बऱ्याच अंशी पूर्ववत झाले. मात्र एवढ्यावरून जस्ताच्या गोळ्या घेऊन आर्सेनिकचे पाणी पिता येईल असा अर्थ कोणी काढू नये. प्रयोगशाळेतील बशी आणि माणसाचे शरीर यांत फार अंतर आहे.

येथे आपले यकृतही नकळत अडचणीत भर घालते. आर्सेनिक बाहेर टाकता यावे म्हणून यकृत त्याला मेथिल गट जोडते. हे काम दोन टप्प्यांत होते. दुसरा टप्पा पूर्ण झाला की ते लघवीवाटे सहज निघून जाते. पण पहिल्या टप्प्यावर तयार होणारा एक पदार्थ मूळ आर्सेनिकपेक्षाही जहाल असतो. ज्यांच्या शरीरात काम पहिल्या टप्प्यावरच रेंगाळते, त्यांना धोका अधिक.

माणसांच्या पेशींतील साक्ष

हे केवळ परीक्षानळीतले निष्कर्ष नव्हेत. कोलकात्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल बायॉलॉजीमधील डॉ. अशोक गिरी यांच्या गटाने पश्चिम बंगालमधील बाधित खेड्यांत वर्षानुवर्षे काम केले. त्यांनी लोकांच्या रक्तातील, गालाच्या आतील आणि लघवीतून येणाऱ्या मूत्रमार्गाच्या पेशी तपासल्या. या पेशींत मुख्य केंद्रकापासून तुटून पडलेले गुणसूत्रांचे बारीक तुकडे दिसतात. आर्सेनिकचे पाणी पिणाऱ्यांत असे तुकडे जास्त होते. अंगावर डाग असलेल्यांत इजा सर्वाधिक होती, पण तेच पाणी पिऊनही ज्यांची त्वचा स्वच्छ होती, त्यांच्याही गुणसूत्रांना इतरांपेक्षा जास्त इजा झालेली होती. डाग नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये, हा यातला धडा.

एकाच पंपाचे पाणी पिणाऱ्या एका भावाच्या अंगावर डाग येतात, दुसऱ्याच्या येत नाहीत, असे का? याच गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचे एक कारण पुढे आले. डाग असलेल्यांच्या पेशींना मुद्दाम इजा करून त्या किती भरून निघतात हे पाहिले, तेव्हा त्यांची दुरुस्तीची ताकद डाग नसलेल्यांपेक्षा कमी भरली.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातही अनेक घरे खासगी कूपनलिकांवर चालतात आणि त्यांपैकी काहींत आर्सेनिक आहे. अँजेलिन अँड्र्यू व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले, की ज्यांच्या शरीरात आर्सेनिक अधिक गेले, त्यांच्या रक्तपेशींत डीएनए दुरुस्तीच्या काही जनुकांचे काम मंदावलेले होते. म्हणजे हा विकार गरिबीचा किंवा अस्वच्छतेचा नाही. तो पाण्याचा आहे.

बिडी, ऊन आणि आर्सेनिक

दुरुस्ती बंद पडली की बाकीच्या सगळ्या इजा महाग पडतात. बिडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसात धुराने रोज नव्या चुका होतात. त्यातल्या पुष्कळ एरवी दुरुस्त होतात. पाण्यात आर्सेनिक असेल तर त्या तशाच राहतात. म्हणूनच धूम्रपान आणि आर्सेनिक एकत्र आले, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोहोंच्या नुसत्या बेरजेपेक्षाही जास्त होतो, असे निरनिराळ्या देशांत दिसून आले आहे. बांगलादेशात ढाक्याजवळच्या आराइहजार भागात २००० साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. तेथे धूम्रपान करणाऱ्या आणि उघड्या अंगाने उन्हात राबणाऱ्या पुरुषांमध्ये त्वचेच्या डागांचे प्रमाण विशेष आढळले.

चाळीस वर्षांनी वसूल होणारे कर्ज

दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या वाळवंटात अँटोफगास्ता नावाचे शहर आहे. १९५८ मध्ये तेथे नद्यांचे नवे पाणी आणले गेले. त्यात एका लिटरला सुमारे ८६० मायक्रोग्रॅम आर्सेनिक होते. १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र बसले आणि प्रमाण एकदम खाली आले. बारा-तेरा वर्षांचाच काय तो प्रसंग. पण फुप्फुस व मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यानंतर वाढत गेले आणि १९९० च्या दशकात ते शिखरावर होते. पाणी सुधारून चाळीस वर्षे झाल्यावरही या शहरातील धोका पुरता ओसरला नव्हता.

त्याहून चटका लावणारी गोष्ट मुलांची. त्या वर्षांत जी मुले आईच्या पोटात होती किंवा अंगणात खेळत होती, ती तिशी-चाळिशीत पोहोचल्यावर त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू देशातील इतरांच्या सुमारे सहा ते सातपट आढळले. वाढत्या वयात पेशी भराभर दुभंगत असतात. अशा वेळी दुरुस्ती अडली, तर चुकांच्या प्रती भराभर निघतात. म्हणून गरोदर स्त्री आणि लहान मूल यांच्या पाण्याची काळजी सर्वांत आधी घ्यायला हवी.

उशीर झाला तरी पंप सोडावा

मग ज्यांनी वीस वर्षे असे पाणी प्यायले, त्यांनी आता काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर आशादायक आहे. आराइहजारमधील सुमारे ११ हजार प्रौढांची वीस वर्षांहून अधिक काळची माहिती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींनी धोक्याचा पंप सोडून शेजारचा सुरक्षित पंप धरला होता, काहींसाठी खोल कूपनलिका खणल्या गेल्या होत्या. ज्यांच्या लघवीतील आर्सेनिक जास्तीचे कमी झाले, त्यांच्यातील हृदयविकार, कर्करोग यांसारख्या दीर्घकालीन आजारांचे मृत्यू हळूहळू पहिल्यापासून चांगले पाणी पिणाऱ्यांइतकेच खाली आले. चिलीतील अनुभव सांगतो की जुन्या चुका लवकर पुसल्या जात नाहीत. बांगलादेशाचा अनुभव सांगतो की नव्या चुका थांबवल्या, तर शरीर बराचसा तोल परत मिळवते. दोन्ही खरे आहे.

शरीरातून आर्सेनिक ओढून काढणारे एखादे खात्रीचे औषध दीर्घ विषबाधेवर हाती आलेले नाही. कोलकात्याचे डॉ. गुहा मजुमदार यांनी अशा एका औषधाची १९९८ मध्ये काटेकोर चाचणी घेतली. औषध घेतलेल्यांना बरे वाटले, पण खोटी गोळी घेतलेल्यांनाही तितकेच बरे वाटले. कारण रुग्णालयात राहताना दोघांनाही चांगले पाणी मिळत होते! आहाराचा मात्र उपयोग दिसतो. फोलेट हे ब गटातील जीवनसत्त्व यकृताला आर्सेनिकवरील दुसरा टप्पा पूर्ण करायला मदत करते. बांगलादेशात फोलेटची कमतरता असलेल्या लोकांना बारा आठवडे फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्यावर त्यांच्या रक्तातील आर्सेनिक सुमारे १४ टक्क्यांनी उतरले, तर खोटी गोळी घेतलेल्यांचे जेमतेम अडीच टक्क्यांनी. पालेभाज्या, डाळी, चवळी, मूग यांतून फोलेट मिळते. पण ही जोड आहे, चांगल्या पाण्याला पर्याय नव्हे.

औषध म्हणून आर्सेनिक

येथे काही वाचक विचारतील, की आर्सेनिक औषधातही वापरतात ना? वापरतात. थॉमस फाउलर या इंग्रज वैद्याचे आर्सेनिकचे द्रावण १७८६ पासून दीडशे वर्षांहून अधिक काळ ताप आणि त्वचारोगांवर दिले जाई. जोनाथन हचिन्सन यांनी १८८७ च्या सुमारास दाखवून दिले, की ते दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या तळहातांवर उंचवटे येतात आणि पुढे कर्करोग होतो. दुसरीकडे, चीनमधील हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकापासून सोमल एका विशिष्ट रक्ताच्या कर्करोगावर वापरून पाहिला. त्या रोगात बिघडलेल्या एका प्रथिनाला आर्सेनिक जाऊन चिकटते आणि पेशी ते मोडीत काढते. आज जगभर हा उपचार मान्य आहे, आणि आपल्याकडे वेल्लोरच्या रुग्णालयानेही त्याचे उत्तम निकाल प्रसिद्ध केले आहेत.

पण हा उपचार रुग्णालयात, हृदयाच्या आलेखावर आणि रक्ताच्या तपासण्यांवर नजर ठेवून, ठरावीक मुदतीसाठी होतो. हरताळ किंवा सोमल घातलेली पुडी कोणाच्या सांगण्यावरून महिनोन्महिने चाटणे ही गोष्ट वेगळी. पुडीत काय आहे हे सांगायला जो तयार नाही, त्याची पुडी घेऊ नये.

आपल्या गावाचा संबंध काय?

आपला बहुतेक प्रदेश काळ्या कातळाचा आहे. गंगेच्या गाळासारखी जमीन येथे नाही. तरीही हा विषय दूरचा नाही. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, कौडीकसा गावी, १९९९ मध्ये विहिरी व कूपनलिकांत आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. तेथे गाळ नव्हे तर जुना खडकच त्याला कारण आहे.

दुसरा संबंध माणसांचा. सांगली-साताऱ्याकडची गलाई व्यवसायातील कुटुंबे उत्तरेत आणि पूर्वेत गावोगाव स्थायिक आहेत. उलट, बंगालचे सोनार कारागीर आणि बिहारचे बांधकाम मजूर आपल्या गावांत काम करतात. आर्सेनिकचा विकार पाणी सुटल्यावरही मागे राहतो आणि विहिरीपासून हजार मैलांवर डोके वर काढतो. म्हणून तळहात-तळपायांवर टणक उंचवटे आणि छातीवर ठिपके घेऊन कोणी दवाखान्यात आला, तर मलमाची नळी देण्याआधी 'मूळ गाव कोणते, पाणी कशाचे प्यायलात?' हा प्रश्न विचारला पाहिजे.

लक्षात ठेवण्यासारखे

१. पाणी उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. कापडाने गाळणे किंवा मेणबत्तीचा फिल्टर यांचाही उपयोग नाही.

२. आरओ यंत्र आर्सेनिक कमी करते, पण त्याच्या सर्व रूपांना सारखेच अडवत नाही. बाधित भागात यंत्रातून आलेले पाणीही तपासून घ्यावे.

३. पाण्याच्या नेहमीच्या जंतुतपासणीत आर्सेनिक कळत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना देताना 'आर्सेनिक तपासा' असे स्पष्ट लिहून द्यावे.

४. एक कूपनलिका वाईट निघाली तरी पन्नास पावलांवरची चांगली असू शकते. बांगलादेशात सुमारे ५० लाख पंप तपासून वाईट पंपांना लाल आणि चांगल्यांना हिरवा रंग दिला गेला.

५. भात आर्सेनिक शोषून घेतो. बाधित भागातला तांदूळ चांगल्या, भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी काढून टाकल्यास काही आर्सेनिक निघून जाते. कोकणात भात वेळतात, तीच ही रीत.

६. लघवीची आर्सेनिक-तपासणी करायची असेल तर आधीचे चार-पाच दिवस मासे खाऊ नयेत. माशांतील आर्सेनिक निरुपद्रवी प्रकारचे असते, पण ते तपासणीचा आकडा फुगवते. ही तपासणी अलीकडच्या दिवसांचे सांगते, केस व नखे मागच्या काही महिन्यांचे.

७. पूर्वी असे पाणी प्यायलेल्यांनी बिडी, सिगारेट आजच सोडावी. लघवीतून रक्त, न भरणारी जखम, लांबलेला खोकला यांकडे वय कितीही असो, दुर्लक्ष करू नये आणि डॉक्टरांना जुन्या पाण्याची माहिती जरूर द्यावी.

पेशीतील दुरुस्ती करणारी प्रथिने आपल्याला दिसत नाहीत आणि त्यांच्या कामाची पोच कोणी देत नाही. ती मागतात ती एकच गोष्ट, हात मोकळे राहू द्यावेत. कूपनलिकेच्या एका बाटलीभर नमुन्याने ती सोय होऊ शकते.